घरगाडीच्या नव्या मालकिणीस

भवानी पेठ, सोलापूर
बुधवार, सकाळची पूजा आटोपून

प्रिय महानंदा,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं. पण मॅट्रिकला मायना असाच शिकवला होता आणि दुसरा मला येत नाही. हे पत्र बडेसाब मिस्त्री होटगीला येऊन तुझ्याच हातात देतील. पत्र शेवटपर्यंत वाचून होत नाही तोवर गाडीतली शेगडी पेटवू नकोस. चहापुरतीसुद्धा नाही. उदबत्ती नाही, निरांजन नाही, आणि तुझ्या यजमानांना, बाळासोंना म्हणावं, बिडी ओढायची तर गाडीपासून लांब जाऊन. का, ते शेवटी लिहिलंय. आधी लिहिलं असतं तर तेवढंच वाचून तू कागदाची घडी घातली असतीस. शाळेतही तू धड्याखालचे प्रश्न आधी बघायचीस आणि मग धडा वाचायचीच नाहीस.

फोन का केला नाही म्हणशील. रविवारी देवीपुढं बसून मी शब्द दिलाय की महानंदाशी एक अक्षर बोलणार नाही. लिहिणार नाही असं म्हणाले नव्हते. देवीला फसवते असं समजू नकोस, ही फट तिनंच ठेवली असेल.

गेल्या महिन्यात तू फोन करून तासभर घरगाडीचं विचारत होतीस. शेजारणीच्या भावाला घ्यायचीय म्हणालीस. पाणी किती दिवस पुरतं, झोपायला किती जण मावतात, उन्हाळ्यात पत्रा तापतो का. मी वेडी, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले, डाळीचं पीठ झालं, तरी सांगत बसले. शेजारणीला सांगावं तेवढंच तेव्हा सांगितलं. आता गाडी तुझ्या दारात उभी आहे आणि शुक्रवारी तुम्ही सगळे कोकणात निघालाय, तर राहिलेलं सांगते. शेजारणीला सांगितलं आणि सख्ख्या बहिणीला नाही, असं नको व्हायला.

पहिली गोष्ट, पहिल्याच खेपेला कोकण नको. आधी अक्कलकोटला नाहीतर हत्तरसंगला जा, एक मुक्काम कर आणि परत ये. काय विसरलं, काय जास्त झालं, कुठलं दार आपोआप उघडतं, हे एका मुक्कामात कळतं आणि घर तासाभरावर असतं. आम्ही पहिल्यांदा तुळजापूरला गेलो. देवीचं ठिकाण म्हणून आणि जवळ म्हणूनही. तरी रस्त्यातल्या एका गतिरोधकावर वरचं कपाट उघडलं आणि मसाल्याचा डबा पालथा झाला. हळद सगळी देव्हाऱ्यावर. तुझे दाजी मागं वळून बघतात आणि म्हणतात, "देवीनं वाट बघितली नाही, हितंच भंडारा उधळून घेतला." तेव्हापासून प्रत्येक कपाटाला मी कडी लावली आणि प्रत्येक डबा जुन्या टॉवेलात गुंडाळला. टॉवेल आहेत तिथंच आहेत. डबे वाजत नाहीत, त्यामुळं दुसरं काही वाजायला लागलं तर लगेच ऐकू येतं. गाडीत कान उघडे ठेवायचे असतात.

उंची पाठ कर. टपावरच्या पाण्याच्या टाकीसकट दहा फुटाला दोन बोटं कमी. ड्रायव्हरच्या काचेवर मी कागद चिकटवलाय, तो काढू नकोस. रेल्वेच्या पुलाखालून जाताना दाजींना वाटायचं, मी तीस वर्षं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होतो, मला उंची काय शिकवते. एकदा पुलाच्या आधी आडवा लावलेला लोखंडी दांडा टाकीला चाटून गेला. त्यानंतर पूल आला की मीच खाली उतरून बघायचे. मागं घेतानाही एकानं खाली उतरायचंच. आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं आणि तोंडानं ओरडायचं नाही, हात दाखवायचा. बाळासो तापट आहेत, तू ओरडलीस की ते जास्तच रेटतील. दाजींना मी कायम डाव्या अंगाला उभी लागायचे. आता कळतंय का ते.

सामान ठेवताना जड ते खाली आणि मधोमध. पिठाचा डबा एका बाजूला, तांदूळ दुसऱ्या बाजूला. सगळं एका अंगाला ठेवलंस तर वळणावर गाडी कलते. घाटात टाकी एकतर पूर्ण भरलेली नाहीतर अगदी थोडी ठेव. अर्धी असली की पाणी हेलकावे खातं आणि गाडीलाही खायला लावतं. पाणी कसं पुरवायचं ते तुला सांगायला नको. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात वाढलो आपण. तरी नातीला, आरोहीला सांग, ताट आधी कागदानं पुसायचं, मग धुवायचं. मुक्काम मोकळ्या रानात नको. देवळाच्या आवारात नाहीतर ढाब्यावर, मालकाला विचारून, आणि विचारलं की त्याच्याकडे एक वेळ जेवायचं. मी इतकी चिकट, पण तिथं कधी हात आखडला नाही. गाडी सपाट उभी आहे का हे बघायला मी निरांजनात तेल घालून ओट्यावर ठेवायचे. पेटवायचं नाही, फक्त ठेवायचं. तेल ज्या अंगाला झुकेल त्या अंगाच्या चाकाखाली फळी. फळ्या पलंगाखाली आहेत, बडेसाबांनी बाभळीच्या करून दिल्यात. चाकांच्या खाचा नव्या दिसतात म्हणून फसू नकोस. गाडी उभी असते जास्त आणि पळते कमी, रबर उन्हानं चिरतं. दारात उभी असेल तेव्हा चाकांवर पोती टाकत जा.

हे सगळं लिहिताना मलाच हसू येतंय. तुला असं सांगतेय जसं लेकीला पाठवणीला सांगतात. ही गाडी मी तुला पाठवलेली नाही, तरी पाठवणीचं मीच सांगतेय.

तुला आठवत असेल, कोल्हापूरला तू आमच्याबरोबर आली होतीस. वरच्या बाकावर पालथी पडून खिडकीतून उसाच्या गाड्या मोजत होतीस, लहान असल्यासारखी. म्हणालीस, "आक्का, असलं घर मला पण पाहिजे." मी खाली भाकऱ्या थापत होते. म्हणाले, तुझंच आहे की. आपल्याकडं माणूस असं बोलतो. कुणी पातळ चांगलं म्हणालं की म्हणतो, घे, तुझंच आहे. ते घेऊन कुणी घरी जात नाही, महानंदा.

तुला माहीत आहे, मी साडेतीन पीठांचा नवस बोलले होते. दाजींची नोकरी सुखरूप संपली तर चारही ठिकाणी आपल्याच गाडीतून जायचं आणि आपल्याच शेगडीवरचा नैवेद्य दाखवायचा. शाळेची ती मोडकी बस घेतली, बडेसाबांनी दोन वर्षं तिच्यावर पत्रा ठोकला, मी पडदे शिवले. तुळजापूर झालं, कोल्हापूर झालं, माहूर झालं. वणीचं अर्धं राहिलं. चैत्रात जायचं ठरलं होतं, मी शेवया करून ठेवल्या होत्या.

दहा दिवसांपूर्वी दाजी म्हणाले, टप गळतोय, गाडी बडेसाबांच्या गॅरेजला टाकतो. पंधरा दिवस लागतील. गाडीतल्या देव्हाऱ्यातला देवीचा टाक घरी घेऊन आले, म्हणाले, गॅरेजच्या ठोकाठोकीत देव नको. मला ते बरंच वाटलं. मी टाकाला दुधानं आंघोळ घातली आणि घरच्या देवांत बसवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस. आठवतंय ना? मी पुरण घातलं होतं. तू तीन पोळ्या खाल्ल्यास आणि माझ्या हातांकडं बघत राहिलीस, डोळ्यांकडं नाही. मला वाटलं, बाळासोंचं काही झालंय. जाताना तुला डब्यात चार पोळ्या बांधून दिल्या. त्या पोळ्या तू माझ्याच गाडीत बसून खाल्ल्या असतील तर गोड लागल्या का, एवढं सांग. नाहीतर नको सांगू.

रविवारी धुणं काढलं. खिसे तपासल्याशिवाय मी कपडा भिजवत नाही. दाजींच्या पांढऱ्या विजारीच्या खिशात एक सुपारी निघाली. खायची नव्हे, अख्खी. हळदकुंकू लागलेली, दोऱ्याचा तुकडा अजून चिकटलेला. मी मोरीत तशीच बसून राहिले. जोड्यानं बसायच्या पूजेला बायको हजर नसेल, नाहीतर ती या जगात नसेल, तर पुरुष कमरेला सुपारी लावून बसतो. आपल्या आप्पांनी तुझ्या लग्नात कन्यादान असंच केलं होतं, आई जाऊन वर्ष झालं होतं म्हणून. ती सुपारी बघून तू मांडवात रडलीस आणि मी तुला पदराआड धरलं. म्हणजे सुपारी म्हणजे काय, हे तुला मी शिकवायला नको होतं.

दाजींना विचारलं. ते खोटं बोलायला गेले, जमलं नाही. मग सगळं सांगितलं. जानेवारीपासून त्यांना डाव्या डोळ्यानं कडेचं दिसत नाही. डॉक्टरनं काचबिंदू म्हणून सांगितलं आणि गाडी चालवू नका म्हणाला. हे त्यांनी आधी तुला सांगितलं. का, तर तू ऐकून घेतेस आणि मी नवस काढून बसते. तुम्ही दोघांनी आणि बाळासोंनी मिळून ठरवलं, सारजाला कळलं तर ती वणीला गेल्याशिवाय गाडी सोडणार नाही, त्यापेक्षा आधी होऊन जाऊ दे. गाडी त्यांच्या नावावर. कागदाला माझी सही लागत नव्हती. देवाला मात्र मी लागत होते. दुसऱ्याचा देव बसलेली गाडी घ्यायला तू घाबरलीस, म्हणून भटजी बोलावलास, आणि भटजी म्हणाला की जिनं देव बसवला ती आणि तिचा नवरा, दोघांनी बसून देवाला उठवावं लागेल. तेव्हा मी होटगीपासून अर्ध्या तासावर घरात शेंगा फोडत बसले होते. रिक्षा पाठवली असतीस तरी आले असते. भटजीनं विचारलं, बाई कुठं आहेत. आणि ताटातली सुपारी उचलून त्यांच्या हातात तू दिलीस.

दाजींवर मी रागावले, रागावलेली आहे, पण त्यांचं मला कळतं. ते घाबरले. माणूस डोळा जाताना घाबरतो. मला नुसतं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी गाडीच्या किल्ल्या देवीच्या पायाशी ठेवल्या असत्या. नवस फेडायला नवऱ्याला दरीत घालणारी बाई आहे का मी? चाळीस वर्षं माझ्या ताटात जेवून त्यांना हे वाटलं, ते दुःख माझं मी बघेन. पण तू. आई गेली तेव्हा तू अकरावीत होतीस, तुझी वेणी मी घातली. तुला माझी लाज वाटली असती तर चाललं असतं, माझी भीती वाटली असती तरी चाललं असतं. तू तर मी नाहीच असं धरून चाललीस. सोयीसाठी. मुहूर्त टळू नये म्हणून.

आता शेगडीचं. इथून पुढं सावकाश वाच.

बडेसाबांनी गॅसच्या टाकीचं कपाट केलं तेव्हा तळाला मुठीएवढं भोक ठेवलं होतं. मी विचारलं, ही चूक राहिली का. ते म्हणाले, "भाभी, गॅस पाण्यासारखा खाली बसतो. त्याला जायला वाट ठेवावी लागते की. हे भोक कधी बुजवायचं नाही." मी मान डोलावली. पण माहूरच्या वाटेवर त्याच भोकातून उंदीर शिरला आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी फोडली. जाळी बसवून घ्यायला हवी होती. मिस्त्रीला परत बोलवा, परत पैसे द्या, असं माझ्या मनात आलं आणि मी एक चिंधी घट्ट वळून भोकात कोंबली. शेगडी लावायच्या आधी चिंधी काढायची, स्वयंपाक झाला की टाकी वरून बंद करायची आणि मग चिंधी घालायची. बटण शेवटपर्यंत पिळावं लागतं. अर्ध्यावर ते बंद झाल्यासारखं वाटतं, पण होत नाही. दाजींनी कधी शेगडीला हात लावला नाही, त्यांना यातलं काही माहीत नाही. बडेसाबांना सांगायची मला लाज वाटली. हे फक्त मला माहीत होतं. माहूरहून आल्यावर चिंधी घातली, ती तिथंच आहे. मला सांगून गाडी नेली असतीत तर जाताना पहिली तीच काढली असती.

तर असं कर. आरोहीला घेऊन सगळे खाली उतरा. दारं-खिडक्या सगळ्या उघड. पंख्याचं, दिव्याचं बटण दाबू नकोस, लावायला नाही आणि बंद करायलाही नाही. तासभर गाडी तशीच राहू दे. मग टाकी वरून बंद कर, कपाटाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात हात घाल, चिंधी ओढून काढ. बडेसाबांबरोबर जाळी आणि खिळे पाठवलेत. ती बसवून घे. काय द्यायचं ते मी दिलंय.

एवढंच असतं तर पत्राची गरज नव्हती. बडेसाबांना दोन शब्द सांगितले असते, ते येऊन चिंधी काढून गेले असते आणि तुला कळलंही नसतं. पण मला चिंधी रविवारीच आठवली होती. सुपारी हातात होती, मोरीत पाणी वाहत होतं आणि मला चिंधी आठवली. आणि मी गप्प बसले. मनात म्हणाले, त्यांच्या देवानं बघावं त्यांचं. सोमवारी उपास केला, गप्प बसले. काल मंगळवारी देवीची ओटी भरली, गप्प बसले. संध्याकाळी दाजी भीत भीत म्हणाले की आरोही घरात जेवतच नाही, गाडीतच बसते, आजीकडून तिथंच दूध तापवून घेते. तोवर तुम्ही किती वेळा काडी ओढली असेल, मला माहीत नाही. तीन दिवस तुमचं नशीब चांगलं होतं, माझी नियत नव्हती. तू मला नसलेली धरलंस, मी तुम्हाला तीन दिवस नसलेलं धरलं. हे तुला कुणी सांगितलं नसतं, म्हणून लिहिलं.

ती चिंधी म्हणजे आईच्या चादरीची कड आहे. लाल-काळी, जिच्याखाली आपण दोघी झोपायचो आणि तू सगळी ओढून घ्यायचीस. फाटली तेव्हा टाकवली नाही, म्हणून कापून ठेवली होती. चिंधी बडेसाबांच्या हाती परत दे. ती आली की मला कळेल, तू पत्र शेवटपर्यंत वाचलंस. सुपारी या पाकिटात घातली आहे. पूजेतली सुपारी टाकायची नसते आणि माझ्या घरात ती ठेवायला जागा नाही. तू दिली होतीस, तूच ठेव.

तुझीच,
आक्का